नवीन दुर्बीण घरी आलीये, आता काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवसाला, दिवाळीला किंवा मुलांनी हट्ट धरला म्हणून घरात दुर्बीण येते, चार दिवस सगळी बिल्डिंग गच्चीवर जमते आणि मग ती जी कपाटावर चढते ती कायमचीच. मला हे बघवत नाही, कारण बहुतेक वेळा दुर्बीण बरी असते, स्टँड नीट लावलेला नसतो, फाइंडर (नळीवर बसणारं, वस्तू शोधायचं छोटं साधन) जुळवलेला नसतो आणि पहिल्याच रात्री सगळ्यात जास्त मॅग्निफिकेशन लावलेलं असतं. या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं आपोआप जमतं. इथे मी मुख्यतः ७० मिमी भिंगाच्या, ७०० मिमी फोकल लेंथच्या (भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) साध्या दुर्बिणीबद्दल लिहितेय, म्हणजे जिच्यासोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), एक बार्लो (मॅग्निफिकेशन आणखी वाढवणारं भिंग) आणि हलका ट्रायपॉड येतो ती. आरशाच्या दुर्बिणीबद्दल जिथे वेगळं काही आहे तिथे तसं सांगितलंय.

डब्यावर ५२५एक्स (म्हणजे ५२५ पट) लिहिलंय, खरंच एवढं मोठं दिसतं का?

नाही दिसत. हा आकडा कसा येतो बघा. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ म्हणजे मॅग्निफिकेशन. ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने भागलं की १७५, त्यावर ३एक्स बार्लो लावला की ५२५. जिथे ६७५ लिहिलेलं असतं तिथे ९०० भागिले ४ गुणिले ३ केलेलं असतं. गणित बरोबर आहे पण उपयोग शून्य, कारण भिंग जेवढा प्रकाश गोळा करतं तेवढ्यातच सगळं भागवायचं असतं, तुम्ही चित्र ताणत गेलात की ते अंधुक आणि धूसर होत जातं. ढोबळ नियम असा की भिंगाच्या प्रत्येक मिलिमीटरला २ पट, म्हणजे ७० मिमीला १४०एक्स ही वरची हद्द, आणि तीसुद्धा हवा एकदम शांत असेल तर. शहरातल्या गच्चीवरून ७० ते १०० च्या मध्ये बहुतेक सगळं उत्तम दिसतं.

म्हणून दुकानात विचारायचं ते भिंग किंवा आरसा किती मिमीचा आहे आणि स्टँड किती हलतो हे. मॅग्निफिकेशनच्या आकड्यावर दुर्बीण विकणाऱ्याकडून घेऊच नका.

अजून घेतली नाहीये, कुठली घेऊ?

पहिली दुर्बीण म्हणून ७० किंवा ८० मिमीची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), साध्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या स्टँडवरची, ही चांगली. बजेट थोडं जास्त असेल आणि घरात जागा असेल तर १३० किंवा १५० मिमीची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण) त्याहून कितीतरी चांगली, कारण तिचा स्टँड म्हणजे जमिनीवर बसणारा लाकडी खोका असतो आणि तो डगमगत नाही. एक गोष्ट मात्र टाळा. लेबलवर ११४ मिमी आणि १००० मिमी फोकल लेंथ लिहिलंय पण नळी हातभरच लांब आहे, अशा आरशाच्या दुर्बिणी मिळतात, त्यांच्या फोकसरमध्ये (फोकस करायच्या भागात) आतच एक छोटं भिंग बसवून फोकल लेंथ वाढवलेली असते आणि नवशिक्याला ती जुळवणं फार अवघड जातं.

खूपच कमी पैसे असतील तर खेळण्यातली दुर्बीण घेण्यापेक्षा १०x५० ची बायनॉक्युलर घ्या. कृत्तिका तिच्यातून जेवढ्या सुंदर दिसतात तेवढ्या अनेक महागड्या दुर्बिणींतून पण दिसत नाहीत, कारण सगळा पुंजका एकदम नजरेत मावतो.

आणि घेण्याआधी एकदा कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघून या हो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाशमित्र मंडळ, गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणी शेजारी शेजारी लावलेल्या असतात, आपल्याला काय झेपेल ते तिथे एका रात्रीत कळतं.

जोडायची कशी? सोबतचं पुस्तक कळत नाहीये.

पहिल्यांदा दिवसाउजेडी, घरात, जमिनीवर चादर पसरून जोडा, म्हणजे स्क्रू पडला तर सापडेल. आधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवायचे आणि मधली त्रिकोणी प्लेट बसवायची, ती प्लेट फक्त आयपीस ठेवायला नसते, पायांना ताण देऊन घट्ट धरायला असते, बरेच जण ती डब्यातच ठेवतात आणि मग स्टँड हलतो म्हणून तक्रार करतात. पाय लांब करू नका. जेवढे लांब कराल तेवढं थरथरणार, त्यापेक्षा स्टूल घेऊन बसा, बसून बघताना डोळा पण स्थिर राहतो.

मग स्टँडवर नळी बसवा, मागे नव्वद अंशात वळणारा डायगोनल लावा, त्यात २५ मिमीचा आयपीस, आणि वर फाइंडर. बार्लो डब्यातच राहू दे, पहिले पंधरा दिवस त्याला हात लावायचा नाही.

स्टँड तरीही हलत असेल तर मधल्या प्लेटखाली पाण्याची भरलेली बाटली किंवा विटा घातलेली कापडी पिशवी लटकवा, जमिनीला किंचित टेकेल अशी, म्हणजे झोके घेणार नाही. फरक लगेच जाणवतो. फोकसच्या नॉबला हात लावल्यावर चित्र दोन-तीन सेकंद थरथरणं नॉर्मल आहे, हात काढायचा, थांबायचं, मग बघायचं.

फाइंडर जुळवणं म्हणजे नक्की काय? आणि ते इतकं महत्त्वाचं का?

दुर्बिणीतून आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो. ७०एक्सला (१० मिमीचा आयपीस) जेमतेम पाऊण अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडपट वगैरे. एवढ्याशा खिडकीतून नुसत्या अंदाजाने गुरू शोधायला गेलात तर अर्धा तास जाईल आणि डोकं फिरेल. फाइंडर जास्त मोठा भाग दाखवतो, पण तो आणि मुख्य नळी दोन्ही अचूक एकाच दिशेला बघत असतील तरच त्याचा उपयोग.

हे काम रात्री करायचंच नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला, सूर्य पाठीमागे ठेवून, निदान एक किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर, देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी धरा. जवळची वस्तू घेतली तर जुळवणी चुकते. २५ मिमी आयपीसमधून टॉवरचं टोक बरोब्बर मधोमध आणा आणि स्टँडचे नॉब आवळा. आता नळीला धक्का न लावता फाइंडरमधून बघा, टोक कुठेतरी बाजूला असेल. फाइंडरचे छोटे स्क्रू एक सैल, समोरचा घट्ट असं करत करत ते टोक फुलीवर आणा. नुसतं पिळत सुटू नका, एका वेळी पाव फेरा बास. मग मुख्य दुर्बिणीत परत बघा की टोक अजून मध्ये आहे ना. नंतर १० मिमीचा आयपीस लावून हेच परत. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि रात्री चंद्र फुलीवर आणला की तो दुर्बिणीत हजर असतो.

छोट्या फाइंडरमध्ये सगळं उलटं दिसतं त्यामुळे सुरुवातीला हात चुकीच्या दिशेला जातो. लाल ठिपक्याचा फाइंडर असेल तर हा त्रास नाही, फक्त काम झालं की त्याचा स्विच बंद करा, बॅटरी याच्यातच संपतात. दर वेळी दुर्बीण उचलून नेल्यावर एकदा चेक करायचं, थोडं हललेलं असतंच.

सगळं केलं तरी काहीच दिसत नाहीये, नुसता अंधार!

पुढचं झाकण पूर्ण काढलंय का बघा. त्या मोठ्या झाकणाला मध्ये एक छोटं झाकण असतं, बरेच जण तेवढंच काढतात आणि मग प्रकाश फारच कमी येतो. दुसरं म्हणजे डायगोनल लावलाय ना? तो नसला तर अनेक रिफ्रॅक्टर फोकसलाच येत नाहीत. तिसरं, १० मिमी किंवा बार्लो लावला असेल तर काढा, २५ लावा. मग चंद्र किंवा लांबचा रस्त्यावरचा दिवा धरा आणि फोकसचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत न्या, मध्ये कुठेतरी चित्र येणारच.

मोठा पांढरा गोळा दिसतोय आणि मध्ये काळा ठिपका आहे, असं आरशाच्या दुर्बिणीवाले नेहमी विचारतात, ‘हाच गुरू का?’. तो नुसता फोकसबाहेरचा तारा असतो, काळा ठिपका म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. तारा जेव्हा लहानात लहान टिंब होतो तेव्हा फोकस बरोबर झाला.

उलटं का दिसतं? दुर्बीण खराब आहे का?

खराब नाही. डायगोनल लावलेल्या रिफ्रॅक्टरमध्ये वर-खाली बरोबर पण डावं-उजवं बदललेलं दिसतं, आणि आरशाच्या दुर्बिणीत सगळंच उलटं. आकाशात त्याने काहीही बिघडत नाही.

पहिल्या रात्री काय बघू?

चंद्र. पण पौर्णिमेचा नको. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्याच नसतात, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं दिसतं. शुक्ल चतुर्थी ते दशमी हे दिवस सगळ्यात भारी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच ती बघून ठरवा.

अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधाराची जी सीमारेषा असते तिच्यावर नजर ठेवा, बाकीचा चंद्र नंतर. तिथे ऊन अगदी तिरकं पडतंय, म्हणजे त्या जागी सकाळ होतेय, त्यामुळे छोट्या उंचवट्याची पण लांबच लांब सावली पडते. चंद्राच्या मध्यापासून थोडं दक्षिणेला तीन मोठी विवरं एकाखाली एक दिसतील, टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल. टॉलेमियस जवळजवळ १५० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे पुणे-मुंबई अंतर जवळपास त्यात मावेल, आणि त्याचा तळ गुळगुळीत दिसतो, तर अल्फॉन्ससच्या मधोमध एक छोटा डोंगर उभा दिसतो. वर उत्तरेकडे अपेनाइन पर्वतरांग कमानीसारखी वळत जाते. आता सीमारेषेच्या पलीकडे काळोखात बघा, एकटेच चमकणारे ठिपके असतात, ती डोंगरांची शिखरं आहेत, पायथ्याला अजून रात्र आहे आणि टोकावर ऊन आलंय. तासाभराने परत बघितलं तर काही ठिपके मोठे झालेले असतात, काही नवीन उगवलेले असतात. माझ्यासाठी तरी ७० मिमीच्या दुर्बिणीतलं याहून थरारक दृश्य नाही.

चंद्राच्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, दिपतं एवढंच. मून फिल्टर असेल तर लावा, नसेल तर गच्चीवरचा दिवा चालू ठेवला तरी त्रास कमी होतो.

चांद्रयान किंवा अपोलोचा झेंडा दिसेल का?

नाही. ७० मिमीच्या दुर्बिणीतून चंद्रावर साधारण तीन किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही. हबलला सुद्धा ते झेंडे दिसत नाहीत.

गुरू आणि शनी कसे दिसतील? फोटोत असतात तसे?

फोटोएवढे मोठे नाही, पण खरे. हा फरक सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे हिरमुसतात.

गुरू २८एक्सला (२५ मिमीचा आयपीस) पण छोटी चकती म्हणून दिसतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार टिंबं, आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. कधी तीनच असतात, चौथा गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असतो. हीच चार टिंबं गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये बघितली होती आणि तुमची दुर्बीण त्याच्या दुर्बिणीपेक्षा चांगली आहे. वहीत एक गोल काढून टिंबं कुठे आहेत ते मांडा, दुसऱ्या दिवशी परत, चार दिवसांत लक्षात येतं की हे फिरतायत. आयो तर साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे एकाच रात्री दोन-तीन तासांच्या अंतराने बघितलं तरी सरकलेला कळतो. १० मिमीचा आयपीस लावला की चकतीवर दोन करडे पट्टे दिसतात. ते लगेच दिसत नाहीत, मिनिटभर टक लावून बघत राहायचं, हवा मध्येच क्षणभर स्थिर होते आणि तेव्हा ते एकदम उमटतात.

शनी २८एक्सला लांबट दाण्यासारखा, आणि ७०एक्सला कडं वेगळं. एक लक्षात ठेवा, मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती म्हणजे जवळजवळ गायबच, आता दर वर्षी ती थोडी थोडी उघडतायत आणि २०३२ च्या सुमाराला सगळ्यात रुंद दिसतील. त्यामुळे सध्या कडी बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका. शेजारी एक अंधुक टिंब दिसलं तर तो टायटन असायची शक्यता खूप आहे.

कधी दिसतात हे ग्रह?

ग्रह जेव्हा सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा तो रात्रभर दिसतो आणि सगळ्यात मोठा असतो. शनीसाठी ती वेळ २०२६ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे आणि दर वर्षी साधारण दोन आठवड्यांनी पुढे जाते. गुरूची २०२६ मध्ये १० जानेवारीला होती, २०२७ मध्ये फेब्रुवारीत, म्हणजे दर वर्षी महिनाभर पुढे. त्या तारखेनंतरचे तीन-चार महिने ग्रह संध्याकाळी सोयीच्या वेळेला मिळतो. बाकी रोजचं बघायला मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप टाकून ठेवा.

शुक्राच्या कला दिसतात, चंद्रकोरीसारखी बारीक कोर, आणि ती बघून लहान मुलं हमखास म्हणतात की हा तर चंद्रच आहे. मंगळाकडून मात्र फार अपेक्षा नको, दोन वर्षांतून काही आठवडेच तो बऱ्यापैकी मोठा होतो, एरवी नारिंगी ठिपका. युरेनस-नेपच्यून टिंबंच.

ग्रह सारखा पळून जातो, काय करू?

पळत नाही, पृथ्वी फिरतेय. तासाला १५ अंश. ७०एक्सला ग्रह तीन मिनिटांच्या आत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो, २८एक्सला सात मिनिटं मिळतात. लोकांना दाखवताना ग्रह मध्ये न ठेवता ज्या बाजूने आत येतो त्या कडेजवळ ठेवा आणि मग बाजूला व्हा, म्हणजे दोघा-तिघांचं बघून होतं.

वजन लावलेला, तिरक्या दांड्याचा स्टँड आलाय. तो कसा वापरायचा?

तो इक्वेटोरियल माउंट. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, मग एकच नॉब फिरवून ग्रह पकडून ठेवता येतो. अक्षाचा कोन आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवायचा, मुंबईला १९ अंश, पुण्याला साडेअठरा, नाशिकला २०, नागपूरला २१, कोल्हापूरला पावणेसतरा. अडचण अशी की आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगच्या मागे, आणि एवढ्या कमी कोनात बऱ्याच स्वस्त माउंटचं वजन ट्रायपॉडच्या पायावर आपटतं. ध्रुव दिसत नसेल तर मोबाइलच्या कंपासने उत्तर धरा आणि अक्षांश पट्टीवर लावा, नुसतं डोळ्याने बघायला तेवढं पुरतं. पाय उत्तरेकडे ठेवायचा का दक्षिणेकडे हे वजन कुठे अडतंय त्यावर बघून ठरवा. खरं सांगायचं तर नवशिक्याला आपल्या अक्षांशावर साधा वर-खाली फिरणारा स्टँडच बरा.

तेजोमेघ, दीर्घिका वगैरे दिसतील का? रंग दिसतील?

दिसतील, रंग नाही. कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून फोटोत गुलाबी असणारा मृगाचा तेजोमेघ आपल्याला राखाडी दिसतो. तरीही बघाच. मृगाच्या त्रिकांडाच्या बाणाखाली जी छोटी ताऱ्यांची ओळ आहे तिच्या मधल्या ताऱ्याजवळ २५ मिमीने जा, धुरकट पसारा दिसेल आणि त्याच्या पोटात चार तारे एकमेकांना चिकटून. थेट न बघता थोडं बाजूला बघितलं की पसारा वाढतो, डोळ्याची कड अंधुक प्रकाशाला जास्त तयार असते. गच्चीवर आल्यावर वीस-तीस मिनिटं मोबाइल बघायचा नाही, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा, हे नियम इथे खरे कामाला येतात.

हिवाळ्यात कृत्तिका आणि पुष्यातला तारकागुच्छ, दोन्ही शहरातून पण छान. ऑक्टोबर-नोव्हेंबरला देवयानी दीर्घिका, ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि दिसतो फक्त अंधुक लांबट डाग, पण तो प्रकाश निघाला तेव्हा माणूस आजच्या रूपात नव्हता, हे डोक्यात ठेवून बघा. हंसातला अल्बिरिओ हा जोडतारा एक सोनेरी आणि एक निळसर, इथे मात्र रंग अगदी स्पष्ट दिसतात. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात, दुर्बीण लावली की वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मे महिना वाया घालवू नका. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ असतो, पुण्याहून सुमारे २४ अंश वर, कोल्हापूर-गोव्याहून अजून थोडा उंच. लंडनहून तो कधी उगवतच नाही. ७० मिमीतून तारे सुटे होत नाहीत, मोठा गोल धूसर उजेड दिसतो, आणि तो किती मोठा आहे हे बघूनच लोक दचकतात. दक्षिण क्षितिज मोकळं हवं, शहराचा उजेड दक्षिणेला नको. मुंबईकर वांगणीला जातात ते यासाठीच. विदर्भातल्यांसाठी पेंच आहे, २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं.

खिडकीतून किंवा बाल्कनीतून चालेल का?

काचेतून अजिबात नाही, काच चित्र बिघडवते. बाल्कनी चालेल पण खाली एसीचं युनिट नको, गरम हवा वर येते आणि ग्रह उकळताना दिसतो. गच्चीचा स्लॅब पण दिवसभर तापलेला असतो, उन्हाळ्यात रात्री दहानंतर चित्र सुधारतं. दुर्बीण बाहेर नेल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, आत-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्या, आरशाच्या दुर्बिणीला तर हे हवंच.

चष्मा काढू का?

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढा आणि फोकस परत करा. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला मात्र सांगा की फोकस तुझ्या डोळ्याला करून घे.

सूर्य बघता येईल का?

या उत्तराचं एकही वाक्य सोडू नका. दुर्बिणीतून उघडा सूर्य एक क्षण जरी बघितला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो आणि दुखत पण नाही, कारण रेटिनाला वेदना कळत नाही. काही जुन्या किंवा स्वस्त सेटमध्ये आयपीसला लावायचा छोटा काळा सोलर फिल्टर येतो, तो उष्णतेने तडकतो. तो आजच फोडून फेकून द्या, कुणाला देऊ पण नका. सुरक्षित पद्धत एकच, नळीच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसणारा सोलर फिल्म किंवा काचेचा फिल्टर, वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का केलेला, आणि वापरण्याआधी उजेडात धरून भोक नाही ना ते तपासलेला. फाइंडरवर झाकण लावा किंवा तो काढूनच ठेवा, मुलं त्यातून बघतात. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तितकंच घातक आहे. दिवसा दुर्बीण गच्चीवर सोडून खाली जायचं नाही, पाच मिनिटं पण नाही.

पावसाळ्यात कशी ठेवायची?

आपल्याकडे दुर्बिणी सगळ्यात जास्त मरतात त्या जून ते सप्टेंबर. कोकण, मुंबई, गोवा इथे तर भिंगावर बुरशी धरतेच. आधी कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि वेळेत काढली नाही तर ती भिंगावरचं कोटिंग खाते, मग डाग जात नाहीत. आयपीस, डायगोनल आणि बार्लो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरा. नळीच्या दोन्ही तोंडांना झाकण, आत जेलची एक पुडी, आणि ती लोखंडी कपाटात वरच्या फळीवर, भिंतीला चिकटून नको. सोबत आलेली रेक्झिनची बॅग ओल धरते, पावसाळ्यात तिच्यात ठेवू नका. उघडीप मिळाली की एखादा दिवस बाहेर काढून पंख्याखाली ठेवा.

हिवाळ्यात दव पडतं. भिंग पुसायचं नाही, पुढे जाड काळ्या कार्डपेपरची नळी गुंडाळून लावा, ती लांबीला भिंगाच्या दीड-दोन पट हवी. घरात आणल्यावर झाकण लगेच लावू नका, वाळू द्या.

भिंग कशाने पुसू?

शक्यतो पुसूच नका. थोडी धूळ असली तरी चित्रात कळत नाही, पुसताना पडलेला चरा कायमचा. ब्लोअरने हवा मारा, मग मऊ ब्रश. बोटाचा डाग असेल तर कॅमेऱ्याचं लेन्स फ्लुइड टिश्यूला लावून हलक्या हाताने. काच पुसायचे स्प्रे, ओढणी, शर्टाचं टोक यातलं काही नको. आरशाला तर हातच लावू नका, त्याचं कोटिंग वरच्या बाजूला असतं.

मोबाइलने फोटो निघतो का?

चंद्राचा मस्त निघतो. २५ मिमीचा आयपीस, मोबाइल धरायचा अ‍ॅडॅप्टर, स्क्रीनवर चंद्रावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. ग्रहांचा व्हिडिओ काढा आणि त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडा.

पुढची खरेदी काय करू?

वर्षभर काही नको. मग वाटलंच तर ६ मिमीच्या आसपासचा एक चांगला आयपीस, तो सोबतच्या बार्लोपेक्षा खूप स्वच्छ चित्र देतो, ७०० च्या दुर्बिणीवर सुमारे ११७एक्स होतं. त्यानंतर ६ किंवा ८ इंचाची डॉब्सोनियन. हाताने करायची आवड असेल तर आरसा घासून स्वतः दुर्बीण बनवणारे लोक महाराष्ट्रात आहेत, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये अशा कार्यशाळा झालेल्या आहेत, तिकडे चौकशी करा. ८ इंची घ्यायच्या आधी मात्र घरचा जिना बघा, ती सगळी मिळून वीस किलोच्या आसपास भरते आणि लिफ्ट बहुतेक वेळा गच्चीच्या एक मजला खालीच संपते.